ट्रॅक्टरमागे पेरणी यंत्र सरळ चालण्यासाठी

पेरणी यंत्र ट्रॅक्टरच्या मध्यरेषेवर, त्याच्या अगदी सरळ मागे चालले तरच तासे सरळ आणि समांतर पडतात. तास वाकडे गेले की त्याचा त्रास पीक वर आल्यावर सुरू होतो. सोयाबीन ४५ सें.मी.वर पेरले असेल आणि दोन फेऱ्यांच्या सांध्यात हे अंतर कुठे ३० तर कुठे ६० सें.मी. झाले असेल, तर कोळप्याची पास अरुंद जागी रोपे कापते आणि रुंद जागी तण सोडून जाते. बियाण्याचे नुकसान वेगळेच. २२.५ सें.मी. अंतरावर ९ फणांचे यंत्र एका फेरीत २०२.५ सें.मी. रुंदीची पट्टी पेरते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर १५ सें.मी. चढली, तर तेवढ्याच शेताला सुमारे ८ टक्के बियाणे, खत आणि डिझेल जास्त लागते.

अशा वेळी चालकाचा हात कच्चा म्हटला जातो. हाताचा भाग असतोच, पण बहुतेक वेळा मूळ दोष जोडणीत, पातळीत किंवा फणांत असतो आणि तो शेतात उतरण्याआधीच काढता येतो. वाफसा आला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. त्यामुळे ही तपासणी पाऊस पडण्यापूर्वी, अंगणात किंवा सपाट कठीण जागेवर उरकलेली बरी.

यंत्र बाजूला का ओढते

काम करताना यंत्रावर दोन बळे असतात. ट्रॅक्टर पुढे ओढतो आणि माती फणांना मागे धरते. ट्रॅक्टरची ओढ त्याच्या मध्यरेषेतून जाते. सगळ्या फणांना मिळून होणारा मातीचा विरोध त्याच रेषेवर पडला, तर यंत्र सरळ चालते. हा विरोध उजवीकडे सरकला, तर यंत्राची उजवी कड मागे रेंगाळते, डावी पुढे जाते आणि ट्रॅक्टरचे तोंड उजवीकडे वळू लागते. ते थोपवण्यासाठी चालकाला स्टीअरिंग सतत डावीकडे धरावे लागते. लांबून तास सरळ दिसले, तरी अशा वेळी फण मातीत तिरके चालत असतात. तिरका फण माती एकाच बाजूला लोटतो, सरी उघडी राहते आणि बियाण्यावर पुरेशी माती पडत नाही.

म्हणजे सगळी जुळणी एकाच गोष्टीसाठी आहे: मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना वजन, लांबी, खोली आणि फण सारखे असावेत. तपासणी ट्रॅक्टरपासून सुरू करावी, मग जोडणी, मग यंत्र आणि शेवटी शेत व चालवण्याची पद्धत पाहावी. क्रम उलटा केला, तर एक दोष झाकण्यासाठी दुसरा दोष घातला जातो.

ट्रॅक्टरची तपासणी

यंत्र न जोडता ट्रॅक्टर सपाट जागेवर संथ चालवून स्टीअरिंगवरची पकड सैल करावी. तो एका बाजूला जात असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. दाब किती ठेवायचा हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता गेजने मोजावा. एका टायरात हवा कमी असली की ती बाजू बसते आणि मागे जोडलेले यंत्रही त्या बाजूला कलते. एक टायर नवा आणि एक झिजलेला असेल, तरी हाच परिणाम होतो.

चाकांतील अंतर मध्यापासून दोन्ही बाजूंना समान असावे. मागच्या प्रत्येक टायरच्या मध्यापासून टॉप लिंकच्या खुंटीपर्यंतचे आडवे अंतर टेपने मोजावे. एका चाकाची डिस्क उलटी बसवलेली असेल, तर फरक लगेच दिसतो.

पुढच्या चाकांचे टो-इन, स्टीअरिंगमधील ढिलाई, टाय रॉडची झिजलेली टोके आणि हबचे बेअरिंग तपासावे. एका बाजूचा ब्रेक घासत असेल, तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो.

शेवटी पुढच्या धुऱ्यावरचे वजन पाहावे. बियाणे आणि खताने भरलेले यंत्र उचलल्यावर पुढची चाके हलकी होतात. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा भाग पुढच्या चाकांवर राहिला नाही, तर स्टीअरिंगचा ताबा सुटतो आणि ट्रॅक्टर भरकटतो. त्यासाठी पुढे वजने लावावीत.

तीन बिंदूंची जोडणी

हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केलेल्या तीन बिंदूंच्या जोडणीत यंत्र दोन खालच्या लिंकांवर आणि एका टॉप लिंकवर टांगले जाते. खालच्या लिंका मागून पुढे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. या रचनेमुळे अवजाराला बाजूला सरकण्याची मोकळीक मिळते. नांगराला ती थोडी हवी असते, पेरणी यंत्राला मात्र ती जवळजवळ नको.

यंत्र जोडताना आधी डावी खालची लिंक, मग उजवी आणि शेवटी टॉप लिंक लावावी. काढताना क्रम उलटा ठेवावा. उजव्या लिफ्ट रॉडवर पातळी जुळवण्याचा स्क्रू असतो, म्हणून ती बाजू नंतर लावणे सोपे जाते.

पिनांचा आकार येथे महत्त्वाचा आहे. श्रेणी १ च्या जोडणीत खालच्या पिनांचा व्यास सुमारे २२ मि.मी. असतो, श्रेणी २ मध्ये सुमारे २८ मि.मी. मोठ्या ट्रॅक्टरच्या श्रेणी २ च्या गोळ्यात लहान यंत्राची २२ मि.मी.ची पिन तशीच घातली, तर दोन्हींमध्ये ६ मि.मी. पोकळी राहते. लिंकेच्या टोकाशी असलेली ही ढिलाई यंत्राच्या कडेच्या फणापर्यंत जाताना वाढते. अशा ठिकाणी योग्य मापाची बुशिंग घालावी. झिजून लंबगोल झालेले गोळे आणि घरी तयार केलेल्या गजाच्या पिना बदलाव्यात.

दोन्ही लिफ्ट रॉड खालच्या लिंकांच्या सारख्याच छिद्रात लावलेले असावेत. खालच्या लिंकांची टोके सरकणारी असतील, तर ती दोन्ही बाजूंना पूर्ण आत जाऊन अडकली आहेत याची खात्री करावी. एक टोक बाहेर राहिले की यंत्र सुरुवातीपासूनच तिरके जोडले जाते.

मध्य जुळवणे आणि साखळ्या ताणणे

यंत्र जमिनीपासून थोडे वर उचलावे. ट्रॅक्टरवर टॉप लिंकच्या खुंटीचा मध्य आणि यंत्राच्या चौकटीचा मध्य खडूने किंवा रंगाने कायमचा खुणावून ठेवावा. दोन्ही खुणांवरून ओळंबा सोडला की मध्य किती सरकला आहे ते दिसते. पडताळणी म्हणून दोन्ही बाजूंना खालच्या लिंकेपासून टायरच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. ते सारखे भरले पाहिजे.

यानंतर चौकट काटकोनात आहे का ते पाहावे. मागच्या धुऱ्याच्या दोन्ही टोकांवरच्या सारख्या जागांपासून चौकटीच्या त्या त्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंतची अंतरे मोजावीत. फरक एक सें.मी.पेक्षा जास्त असेल, तर लिंकांची लांबी, वाकलेली लिंक किंवा वाकलेली चौकट यांपैकी काहीतरी दोषी असते.

मध्य जुळल्यावर दोन्ही बाजूंच्या चेक चेन किंवा स्टॅबिलायझर सारखे ताणावेत. चौकटीला हाताने जोर देऊन डावी-उजवीकडे ढकलल्यास ती दोन-तीन सें.मी.पेक्षा जास्त हलू नये. अनेक ट्रॅक्टरांत यंत्र वर-खाली होताना साखळीचा ताण बदलतो. त्यामुळे यंत्र कामाच्या उंचीवर असताना साखळ्या जुळवाव्यात, मग ते सावकाश पूर्ण वर उचलून साखळी तटत नाही ना हे पाहावे. खाली असताना करकचून ताणलेली साखळी उचलताना तुटू शकते. जुळणी झाली की लॉकनट घट्ट करावे. ते सैल राहिले तर पेरणी सुरू असतानाच साखळी हळूहळू ढिली होते.

आडवी आणि उभी पातळी

आडवी पातळी बिघडणे हे बाजूला ओढण्याचे सर्वात नेहमीचे कारण आहे. उजवी कड खाली असली की त्या बाजूचे फण खोल जातात, मातीचा विरोध तिकडे वाढतो आणि ट्रॅक्टर उजवीकडे ओढला जातो. चौकटीवर पाणसळ ठेवून किंवा दोन्ही कडांची जमिनीपासूनची उंची मोजून उजव्या लिफ्ट रॉडचा स्क्रू फिरवावा. ही जुळणी सपाट आणि कठीण जागेवर आधी करावी, मग शेतात दोन्ही कडांच्या फणांची प्रत्यक्ष खोली मोजून पक्की करावी.

उभी पातळी टॉप लिंकने जुळते. टॉप लिंक आखूड केली की पुढच्या रांगेतील फण खोल जातात आणि मागचे वर येतात. लांब केली की उलट होते. काम करताना चौकट बाजूने पाहिल्यास जमिनीला समांतर दिसली पाहिजे.

फण, चाक आणि पेटी

चौकट उत्तम जुळलेली असली, तरी एक वाकलेला फण सगळे काम बिघडवू शकतो. यंत्र सपाट जागेवर टेकवून सगळ्या फणांची टोके जमिनीला एकाच वेळी लागतात का ते पाहावे. मग पहिल्या आणि शेवटच्या फणाच्या टोकांवरून दोरी ताणावी. फण दोन रांगांत असतील, तर दोन दोऱ्या लागतील. दोरीपासून पुढे-मागे गेलेला किंवा मुरडलेला फण लगेच नजरेत भरतो. डाव्या बाजूला नवे आणि उजव्या बाजूला झिजलेले पाते, एका फणाची तुटलेली स्प्रिंग, सैल क्लॅम्प ही बाजूला ओढण्याची नेहमीची कारणे आहेत. पाती बदलायची असतील, तर सगळी एकदम बदलावीत.

फणांतील अंतर चौकटीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना मोजत जावे. एका टोकापासून मोजत गेल्यास लहान चुका साठत जातात आणि दुसऱ्या टोकाला मोठी तफावत पडते. गव्हासाठी २२.५ सें.मी.वर ९ फण असतील आणि तेच यंत्र सोयाबीनसाठी ४५ सें.मी.वर करायचे असेल, तर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि नववा फण ठेवावा. असे ठेवल्यास मध्यावर पाचवा फण येतो आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन राहतात. काढलेल्या फणांची बियाण्याची आणि खताची दारे बंद करावीत.

मागच्या टायरच्या मागे येणाऱ्या फणांना दबलेली माती लागते. त्यामुळे ते उथळ चालतात आणि त्यांना विरोधही जास्त होतो. दोन्ही बाजूंना सारखेच फण चाकोरीत येत असतील, तर ओढ बिघडत नाही. म्हणून चाकांतील अंतर आणि फणांची मांडणी एकमेकांना जुळवून घ्यावी.

बियाणे सोडणारी यंत्रणा फिरवणारे चाक एका कडेला असेल, तर ते मोकळे फिरते का हे हाताने फिरवून पाहावे. साखळी फार ताणलेली किंवा बेअरिंग जाम असेल, तर चाक घसटत जाते. मग त्या बाजूला ओढ येतेच, शिवाय बियाणेही कमी पडते.

पेटीत बियाणे आणि खत पूर्ण रुंदीत सारखे पसरावे. नळ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी यंत्राच्या एका कडेला माणूस उभा करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याच्या वजनाने ती बाजू दबते, फण खोल जातात आणि यंत्र तिकडे ओढते. तोल जाऊन तो फणांखाली किंवा चाकाखाली येण्याचा धोका त्याहून मोठा आहे. नळ्या पाहणाऱ्याने यंत्रामागून सुरक्षित अंतर ठेवून चालत जावे आणि इशाऱ्याची खूण आधी ठरवून घ्यावी.

हायड्रॉलिकचा वापर

पेरणी यंत्र पोझिशन कंट्रोलवर चालवावे. ड्राफ्ट कंट्रोलवर ठेवल्यास माती घट्ट लागली की हायड्रॉलिक यंत्र आपोआप वर घेते आणि खोली पावलागणिक बदलते. यंत्राला खोली ठरवणारी चाके असतील, तर लिव्हर इतका खाली सोडावा की यंत्राचे वजन त्या चाकांवर येईल. यंत्र लिफ्टवर अधांतरी राहिले, तर बियाणे सोडणारे चाक उंचवट्यानंतर जमिनीपासून सुटते आणि तेवढ्या तुकड्यात बी पडत नाही.

शेताची तयारी

ढेकळांच्या रानात कोणतेही यंत्र सरळ चालत नाही. कुळवाच्या पाळ्या देऊन ढेकळे फोडावीत आणि शेवटी फळी मारावी. जुन्या सऱ्यांच्या किंवा नांगराच्या तासांच्या दिशेने पेरल्यास फण त्या खोबणीत घसरतात. म्हणून शेवटची पाळी त्या तासांना आडवी द्यावी. तूर आणि कापसाची धसकटे वेचून घ्यावीत. एका फणात अडकलेला काडीकचरा त्या बाजूचा विरोध वाढवतो आणि शेजारच्या ओळीवरही माती लोटतो.

काळ्या जमिनीत वाफसा नसताना पेरणी केल्यास चिकट माती फणांना आणि नळ्यांच्या तोंडाला लागते. सगळ्या फणांना ती सारखी लागत नाही, त्यामुळे सकाळी सरळ चाललेले यंत्र ओल्या पट्ट्यात एका बाजूला ओढू लागते. असा पट्टा मागे ठेवून नंतर पेरावा.

उतारावर यंत्र खालच्या बाजूला सरकते. पेरणी उताराला आडवीच करावी, कारण माती आणि पाणी त्यानेच धरले जाते. अशा शेतात साखळ्यांची ढिलाई शक्य तितकी कमी ठेवावी आणि वेग कमी करावा.

पहिले तास आणि मार्कर

पुढची सगळी तासे पहिल्या तासाची नक्कल करतात. बांध क्वचितच सरळ असतो, म्हणून त्याचा आधार न घेता शेताच्या लांब बाजूला दोरी ताणून रेषा आखावी. दोन्ही टोकांना आणि लांब शेतात मध्येही उंच काठ्या रोवाव्यात. त्याआधी दोन्ही टोकांना वळणासाठी पट्टी सोडावी. यंत्राच्या तीन फेऱ्यांइतकी, म्हणजे वरील ९ फणांच्या यंत्रासाठी सुमारे ६ मीटर पट्टी सोडल्यास ती शेवटी पूर्ण फेऱ्यांत पेरून होते.

पुढच्या फेऱ्यांसाठी जमिनीवर रेघ ओढणारा मार्कर वापरावा. मार्करचे अंतर असे काढता येते: फणांच्या संख्येत एक मिळवावा, त्याला ओळींतील अंतराने गुणावे आणि दोनाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे कडेच्या फणापासून पुढच्या फेरीच्या मध्यापर्यंतचे अंतर. बोनेटचा मध्य रेघेवर धरून चालवायचे असेल, तर मार्कर एवढ्या अंतरावर लावावा. पुढचे चाक रेघेवरून न्यायचे असेल, तर त्यातून पुढच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतराचा निम्मा भाग वजा करावा.

९ फण आणि २२.५ सें.मी. अंतर असेल, तर पहिले उत्तर ११२.५ सें.मी. येते. पुढच्या चाकांतील अंतर १३० सें.मी. असल्यास त्यातून ६५ वजा होऊन मार्कर कडेच्या फणापासून ४७.५ सें.मी.वर येतो. सोयाबीनसाठी ५ फण आणि ४५ सें.मी. असेल, तर १३५ मधून ६५ वजा होऊन ७० सें.मी. भरतात. येताना पेरलेल्या बाजूचे पुढचे चाक रेघेवर ठेवावे. दोन फेऱ्या झाल्या की थांबून सांध्यातील ओळींचे अंतर टेपने मोजावे आणि फरक असेल तर मार्कर सरकवावा.

चालवण्याची पद्धत

वेग ताशी ३ ते ५ किलोमीटर ठेवावा. वेग वाढला की यंत्र डुलते, माती उडते आणि बी असमान खोलीवर पडते. गिअर आणि थ्रॉटल पूर्ण फेरीभर तेच ठेवावेत.

वळणानंतर ट्रॅक्टर आणि त्याची पुढची चाके पूर्ण सरळ झाल्यावर, पुढे जाता जाताच यंत्र खाली सोडावे. उभ्या ट्रॅक्टरवरून यंत्र टेकवल्यास फणांच्या तोंडात माती शिरून नळ्या बंद होतात. फण जमिनीत असताना वळण घेऊ नये आणि ट्रॅक्टर मागेही घेऊ नये. चौकटी आणि फण वाकण्याचे ते मुख्य कारण आहे.

नजर दूरच्या काठीवर किंवा मार्करच्या पुढच्या रेघेवर ठेवावी. पुढच्या चाकाच्या लगत पाहून चालवल्यास हात सारखा दुरुस्त्या करतो आणि तास नागमोडी होते. मागे वळून पाहताना स्टीअरिंग नकळत फिरते, म्हणून यंत्राची पाहणी फेरीच्या टोकाला थांबून करावी. उपग्रहाच्या मदतीने दिशा दाखवणारी यंत्रणा बसवलेली असली, तरी ती फक्त ट्रॅक्टरची दिशा सांभाळते. तिरके जोडलेले यंत्र तिच्यामुळे सरळ होत नाही.

चाचणी आणि दोष ओळखणे

बियाणे न भरता शेतात ५० मीटरची एक फेरी मारावी आणि यंत्र न उचलता ट्रॅक्टर थांबवून इंजिन बंद करावे. मध्याच्या खुणा, दोन्ही बाजूंची लिंक ते टायर अंतरे आणि पाच ठिकाणी फणांची खोली मोजावी. नंतर मिळालेल्या लक्षणांवरून दोष शोधावा.

• यंत्र वर उचललेले असतानाही ट्रॅक्टर एका बाजूला जातो: टायर, ब्रेक, स्टीअरिंग किंवा पुढच्या चाकांचा दोष.

• यंत्र टेकवल्यावरच ओढ सुरू होते: आडवी पातळी, एका बाजूचे झिजलेले किंवा वाकलेले फण, जाम झालेले चाक, अडकलेला काडीकचरा.

• ट्रॅक्टर सरळ जातो, पण यंत्र सतत एका बाजूला सरकलेले राहते: साखळ्या असमान ताणलेल्या किंवा चौकट तिरकी जोडलेली.

• यंत्र डावी-उजवीकडे डुलते: सैल साखळ्या, ढिल्या पिना किंवा जास्त वेग.

• फेरीच्या सुरुवातीचे काही मीटरच वाकडे पडतात: ट्रॅक्टर सरळ होण्यापूर्वी यंत्र खाली सोडले जाते.

• जाताना आणि येताना यंत्र शेताच्या एकाच दिशेला, उदाहरणार्थ दोन्ही वेळा पूर्वेकडे सरकते: उतार किंवा जमीन कारणीभूत आहे. ते दोन्ही वेळा ट्रॅक्टरच्या उजवीकडेच सरकत असेल, तर दोष ट्रॅक्टरमध्ये किंवा यंत्रात आहे.

एका वेळी एकच बदल करून पुन्हा फेरी मारावी. दोन-तीन जुळण्या एकदम बदलल्या, तर कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही. कोणतीही दुरुस्ती यंत्र जमिनीवर टेकवून आणि इंजिन बंद करूनच करावी. लिफ्टवर टांगलेल्या यंत्राखाली हात घालू नये.

जुळणी योग्य ठरली की टॉप लिंकची लांबी, उजव्या लिफ्ट रॉडचे दिसणारे आटे, साखळ्यांच्या नटांची जागा आणि पिकानुसार मार्करचे अंतर वहीत लिहून ठेवावे आणि धातूवर रंगाने खूण करावी. पुढच्या हंगामात तोच ट्रॅक्टर आणि तेच यंत्र जोडताना या खुणांवरून सुरुवात करता येते. ट्रॅक्टर, टायर किंवा फणांची पाती बदलली असतील, तर मात्र सगळी मापे नव्याने घ्यावी लागतात.